लष्करी ठाण्यांचीं नांवें

कलकत्त्यास हुगळी नदीच्या कांठीं जो विस्तीर्ण किल्ला आहे, त्यास दोनशेंहून अधिक वर्षें ‘फोर्ट विल्यम’ असें म्हणत आले. भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचें मुख्य ठाणें याच किल्ल्यांत आहे. डिसेंबर २०२४ मध्यें सैन्यानें त्याचें नांव बदलून ‘विजय दुर्ग’ असें ठेवलें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें ही गोष्ट सर्वांना कळली. किल्ल्यांतील ‘किचनेर हाउस’ आतां ‘माणेकशा हाउस’ झालें आहे, आणि दक्षिणेकडील ‘सेंट जॉर्ज गेट’ या दरवाज्यास ‘शिवाजी गेट’ असें नांव मिळालें आहे. विजयदुर्ग हा आपल्या कोंकणांतला; शिवाजीमहाराज तर प्रत्येक मराठी माणसाच्या हृदयांतले. तेव्हां ही बातमी वाचून आपणांस आनंद व्हावा हें स्वाभाविकच आहे. परंतु आनंद झाला म्हणजे विचार संपला असें नव्हे. लष्करी ठाण्याचें नांव कां बदलावें, केव्हां बदलावें, आणि नव्या नांवाकडून कशाची अपेक्षा करावी, या प्रश्नांचा थोडा ऊहापोह आज करावयाचा आहे.

श्रोतेहो, अशा ठाण्यांना नांवें पडण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट गांवाची. खडकी, देवळाली, पुलगांव हीं नांवें लष्कर येण्यापूर्वींपासूनचीं. लष्करानें तीं केवळ उचललीं. आमच्या कामठ्याजवळ बिरसी नांवाचें गांव आहे. (कामठा म्हणजे नागपूरजवळची कामठी नव्हे, १८२१ सालीं वसलेली ती छावणी निराळी. आमचा कामठा गोंदिया जिल्ह्यांतला.) या बिरसीस १९४० सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, इंग्रज सरकारनें विमानांसाठीं धांवपट्टी बांधली. युद्ध संपलें, तें सरकार गेलें. धांवपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली, १९९८ सालीं ती औद्योगिक विकास महामंडळाकडे व २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. मालक इतके बदलले, पण बिरसी ती बिरसीच राहिली. गांवाच्या नांवाशीं कोणाचें वैर नसतें.

दुसरी वाट व्यवहाराची. पुण्यांतील छावणीस लोक नुसतें ‘लष्कर’ किंवा ‘कॅम्प’ म्हणतात. त्यांत कोणाचा मान नाहीं आणि कोणाचा अपमानहि नाहीं. तिसरी वाट बहुमानाची. एखाद्या पुरुषाचें नांव मुद्दाम निवडून तें वेशीवर लिहावयाचें, ही ती वाट होय. वाद जे उत्पन्न होतात ते सारे या तिसऱ्या वाटेवर.

बहुमानाचीं नांवें रस्त्यांनाहि असतात. मग लष्करी ठाण्याच्या नांवाचेंच एवढें महत्त्व कां? रस्त्याचें नांव आपण पत्त्यापुरतें वापरतों. त्याखालून जातांना कोणी थांबून प्रणाम करीत नाहीं. ठाण्याची गोष्ट वेगळी आहे. तेथें अठरा-वीस वर्षांचा मुलगा भरती होतो, त्या नांवाच्या फलकाखालून रोज कवायतीस जातो, आणि प्रसंग पडल्यास प्राण देण्यास शिकतो. वेशीवरील नांव त्यास न बोलतां सांगत असतें कीं, ‘बाबा रे, तूं याच्यासारखा हो.’ म्हणून तेथें कोणाचें नांव आहे ही गोष्ट क्षुल्लक नाहीं.

या कसोटीस फोर्ट विल्यम लावून पाहूं. हा विल्यम म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम. त्यानें हिंदुस्थानाचें दर्शनहि घेतलें नव्हतें. कंपनीच्या वखारीभोंवतीं १६९६ सालीं पहिली तटबंदी सुरू झाली, आणि तिला त्या काळच्या राजाचें नांव दिलें गेलें. भारतीय शिपायानें त्याच्यासारखें व्हावें असें त्या नांवांत कांहींच नाहीं. तें नांव गेलें याचें दुःख मानण्याचें कारण दिसत नाहीं.

आतां नव्या नांवाकडे वळूं, कारण खरी मौज तेथें आहे. विजयदुर्गाचें जुनें नांव घेरिया. शिवाजीमहाराजांनीं १६५३ सालीं तो आदिलशाहीकडून घेतला व त्यास विजयदुर्ग हें नांव दिलें. पुढें तो आंग्र्यांच्या आरमाराचें बळकट ठाणें झाला. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन यानें समुद्रावरून या किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि जमिनीवर उतरलेल्या इंग्रजी फौजेचा नायक होता रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजी आंग्र्यांचें आरमार त्या आगींत जळून गेलें. पुढें वर्षहि उलटलें नाहीं तोंच, जानेवारी १७५७ मध्यें, हेच दोघे बंगालमध्यें उतरून सिराजुद्दौल्याकडून कलकत्ता परत घेतात. जूनमध्यें प्लासीची लढाई होते. आणि त्यानंतर आजचा जो किल्ला आहे त्याचें काम क्लाइव्ह सुरू करतो. म्हणजे ज्या माणसानें विजयदुर्ग घेतला, त्याच माणसानें नव्या फोर्ट विल्यमचा पाया घातला! पावणेतीनशें वर्षांनीं त्या दुसऱ्या किल्ल्यास पहिल्याचें नांव मिळावें, हा काव्यगत न्यायच म्हटला पाहिजे.

पण येथेंच थांबलों तर अर्धीच हकीकत सांगितल्यासारखें होईल. १७५६ ची ती मोहीम एकट्या इंग्रजांची नव्हती. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हते, म्हणून नानासाहेब पेशव्यांनींच इंग्रजांशीं संगनमत करून, रामाजी महादेव यांच्या हाताखालीं, जमिनीकडून फौज पाठविली होती. तुळाजी पेशव्यांच्या हातीं लागले, आणि त्यांचा उर्वरित जन्म कैदेंत गेला. मराठ्यांचें सर्वांत समर्थ आरमार जळालें तें मराठ्यांच्याच संमतीनें. विजयदुर्ग या नांवांत विजय आहे तसा हा कटु धडाहि आहे. शिपायास नांव द्यावयाचें असेल तर दोन्ही गोष्टी द्याव्या. आपसांतील वैरासाठीं परक्यास घरांत घेतलें म्हणजे काय होतें, हें सैनिकानें जितकें समजून घ्यावें तितकें थोडेंच.

दुसरी बाजू बंगालची. आपल्या घरीं जें नांव अभिमानाचें, तें दुसऱ्याच्या अंगणांत कसें ऐकूं येतें याचा विचार आपण क्वचितच करतों. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखालीं १७४२ सालीं बंगालमध्यें शिरल्या. आमचा हा सारा मुलूख त्याच नागपूरच्या राज्यांतला. पुढें नऊ-दहा वर्षें त्या स्वाऱ्या चालल्या. १७४४ सालीं अलीवर्दीखानानें भेटीस बोलावून भास्करपंतांस दग्यानें मारलें, हें आपण आपल्या इतिहासांत वाचतों; पण त्या स्वारांनीं खेडींपाडीं लुटलीं, जाळलीं, हें बंगाली लोक त्यांच्या इतिहासांत वाचतात. ‘बारगीर’ या आपल्या साध्या शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी येतील असें सांगून आया मुलांना निजवूं लागल्या. कलकत्त्याच्या रहिवाशांनीं मराठ्यांच्या भयानें १७४२ सालीं शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. त्यास ‘मराठा डिच’ असेंच म्हणत. १७५१ सालीं अलीवर्दीखानानें ओरिसा व सालीना १२ लाख रुपये चौथाई देऊं करून तह केला, तेव्हां ती आग शमली.

मग कलकत्त्यांत शिवाजीमहाराजांचें नांव देणें अनुचित आहे काय? तसें मला वाटत नाहीं. महाराज १६८० सालीं निवर्तले. बंगालच्या स्वाऱ्या त्यानंतर साठ वर्षांच्या. एकाचें ऋण दुसऱ्याच्या खात्यावर मांडणें हा हिशेब नव्हे. शिवाय बंगालनें स्वतःच महाराजांचें स्वागत पूर्वीं केलेलें आहे. बंगालमध्यें स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतले सखाराम गणेश देऊस्कर यांनीं तिकडे शिवाजी-उत्सवाचा प्रसार केला. रवींद्रनाथांनीं १९०४ सालीं ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. आणि १९०६ सालीं कलकत्त्याच्या उत्सवास स्वतः लोकमान्य टिळक गेले होते. म्हणजे बर्गींची आठवण असतांहि बंगालच्या सुशिक्षितांनीं शिवाजी निराळा ओळखला. हा त्यांचा विवेक. आपण त्याची परतफेड एवढीच करावी कीं, बर्गींचें नांव निघालें असतां कानांवर हात ठेवूं नये.

नामांतराचें मला सर्वांत समाधानकारक वाटणारें उदाहरण मुंबईचें आहे. मुंबईच्या जुन्या कोटांत ‘बॉम्बे कॅसल’ म्हणून कंपनी सरकारचा गढीवजा किल्ला होता. तेथें आरमाराचें जें ठाणें होतें, त्याचें नांव इंग्रजी अमदानींत ‘डलहौसी’ होतें. डलहौसीसाहेब कोण, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. १८४८ सालीं सातारा, १८५४ सालीं झांशी आणि नागपूर हीं राज्यें ज्यानें खालसा केलीं तो हा गृहस्थ. १९४६ च्या फेब्रुवारींत नाविकांनीं बंड केलें, तेव्हां याच कॅसल बराकींत गोळीबार झाला. स्वातंत्र्यानंतर, १५ सप्टेंबर १९५१ रोजीं, या ठाण्याचें नांव ‘आंग्रे’ असें झालें.

कान्होजी आंग्रे हे इंग्रजी बखरकारांच्या मतें चांचे. आपल्या मतें मराठी आरमाराचे सरखेल. दोहोंपैकीं खरें काय? कान्होजी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांस दस्तक घ्यावयास लावीत, आणि दस्तक नसलेलें गलबत धरीत. पोर्तुगीज हेंच करीत, आणि आपल्या परवान्यास ‘कार्ताझ’ म्हणत. इंग्रजांचे परवानेहि होतेच. एकच कृत्य युरोपियनानें केलें तर हक्क, आणि हिंदी माणसानें केलें तर चांचेगिरी, असा तो न्याय होता. या कान्होजींना नमविण्यासाठीं इंग्रजांनीं १७१८ सालीं खांदेरीवर चाल केली, १७२१ सालीं पोर्तुगीजांसह कुलाब्यावर केली, दोन्ही फसल्या. १७२९ सालीं मृत्यु येईपर्यंत कान्होजी अजिंक्यच राहिले. ज्या कॅसलमध्यें बसून त्यांच्या नाशाचे बेत रचले गेले, त्याच कॅसलला आज त्यांचें नांव आहे. हें नांव चांगलें कां? तें त्या पाण्याचें आहे, त्या धंद्याचें आहे, आणि तेथल्या नाविकास त्यापासून शिकण्यासारखें कांहीं आहे. नुसतें ‘आपलें’ आहे म्हणून तें चांगलें नव्हे.

‘आपलें’ आणि ‘परकें’ एवढ्याच मापानें मोजूं लागलें कीं कसा घोटाळा होतो, हें कोरेगांवच्या स्तंभावरून दिसतें. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेकांठीं कंपनीची लहान फौज पेशव्यांच्या मोठ्या फौजेशीं लढली. इंग्रजांनीं तेथें आपल्या पराक्रमाचा स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या नांवांत महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. एका दृष्टीनें तो आपल्या राज्याच्या अस्ताचा स्तंभ. परंतु ज्या समाजास त्या राज्यांत माणूस म्हणून वागविलें जात नव्हतें, त्याच्या दृष्टीनें तो आपल्या शौर्याचा दाखला ठरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं तेथें गेले, आणि तेव्हांपासून त्या दगडाचा अर्थच पालटला. १९४१ सालीं उभारलेल्या महार रेजिमेंटच्या टोपीवरील चिन्हांत आरंभीं हाच स्तंभ होता. श्रोत्यांनीं विचार करावा : हा स्तंभ आपला कीं परक्यांचा? उभारला परक्यांनीं, अर्थ दिला आपल्यांतल्याच माणसांनीं. अशा ठिकाणीं हात लावण्यापूर्वीं दहा वेळां थांबलें पाहिजे.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. ‘नांवें बदलणें म्हणजे इतिहास पुसणें’ असें पुष्कळ शहाणे लोक म्हणतात. या आक्षेपास आपल्या सैन्याची एक जुनी पद्धत उत्तर देते. पलटणीनें लढाई जिंकली म्हणजे त्या लढाईचें नांव तिला मानचिन्ह म्हणून मिळतें. कंपनीच्या काळांतल्या आपल्या पलटणींना ‘खडकी’, ‘सीताबर्डी’, ‘नागपूर’ अशीं मानचिन्हें मिळालेलीं होतीं. खडकीस ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशवे हरले. सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच महिन्याच्या २६ व २७ तारखांस नागपूरकर भोसल्यांची फौज हरली. इंग्रजांकडून लढणारे बहुतेक शिपाई हिंदीच होते. स्वतंत्र भारताच्या सैन्यानें काय केलें? पलटणी मोडल्या नाहींत. त्यांचे दप्तर जाळलें नाहीं. परंतु आपल्याच देशबांधवांविरुद्ध मिळविलेलीं अशीं मानचिन्हें त्याज्य ठरविलीं. लढाई झाली हें पुस्तकांत राहिलें. तिचा उत्सव बंद झाला. स्मरण आणि मान या दोन वस्तु भिन्न आहेत. स्मरण सर्वांचें ठेवावें, शत्रूचेंहि ठेवावें. मान मात्र निवडून द्यावा, आणि चुकीच्या जागीं दिला गेला असेल तर परत घ्यावा. मान परत घेतल्यानें इतिहास पुसला जात नाहीं.

अमेरिकेंत हाच वाद गेल्या कांहीं वर्षांत फार विकोपास गेला. त्या देशांत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. गुलामगिरी टिकविण्यासाठीं दक्षिणेकडील राज्यें संघराज्यांतून फुटलीं, आणि त्यांच्या सेनापतींनीं राष्ट्राच्या सैन्याविरुद्ध शस्त्र धरलें. आश्चर्य असें कीं, पुढें विसाव्या शतकांत याच सेनापतींचीं नांवें राष्ट्राच्या लष्करी ठाण्यांना दिलीं गेलीं. उत्तर कॅरोलिनांतील ‘ब्रॅग’ हें ठाणें १९१८ सालचें. तें दक्षिणेच्या ब्रॅक्स्टन ब्रॅग या सेनापतीच्या नांवाचें. ज्यांचे पूर्वज गुलाम होते असे कृष्णवर्णी शिपाई त्याच फलकाखालून कवायतीस जात. २०२० सालीं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णी मनुष्याचा पोलिसाच्या हातून मृत्यु झाल्यावर लोकक्षोभ उसळला. १ जानेवारी २०२१ रोजीं अध्यक्षांचा नकाराधिकार बाजूस सारून तेथील काँग्रेसनें कायदा पक्का केला. एक मंडळ नेमलें गेलें, आणि २०२३ सालीं नऊ ठाण्यांचीं नांवें बदललीं. ब्रॅगचें ‘लिबर्टी’ झालें. नांवें, फलक, पुतळे वगैरे सर्व मिळून सुमारें सव्वासहा कोटि डॉलर खर्चाचा अंदाज त्या मंडळानें दिला होता.

पुढें राज्यकर्ते बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्यें ‘लिबर्टी’ पुन्हां ‘ब्रॅग’ झालें. मात्र या वेळीं असें जाहीर झालें कीं, हा ब्रॅग तो सेनापति नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धांत पराक्रम केलेला रोलंड ब्रॅग नांवाचा शिपाई आहे. त्याच वर्षीं बाकीच्या ठाण्यांसहि जुन्या आडनांवांचे दुसरे वीर शोधून काढून जुनीं नांवें परत दिलीं गेलीं. ते शिपाई शूर होते यांत संशय नाहीं. परंतु आडनांव जुळतें म्हणून ज्याची आठवण झाली, त्याचा हा खरा बहुमान म्हणावा काय? जुन्या नांवाचे अभिमानी मनांत जुन्याच सेनापतीस प्रणाम करणार, आणि बिचारा शिपाई निमित्तास धनी होणार. नांव बदललें, परत बदललें, आणि या सगळ्यांत मूळ प्रश्न, आपल्या मुलांनीं कोणासारखें व्हावें हा, बाजूसच राहिला.

या सर्व उदाहरणांवरून माझ्या अल्पमतीस चार गोष्टी सुचतात. एक, जुनें नांव कोणीं, केव्हां आणि कशासाठीं दिलें याची चौकशी प्रथम करावी. केवळ परकें आहे एवढा दोष पुरेसा नाहीं, आणि केवळ जुनें आहे एवढा गुणहि पुरेसा नाहीं. दोन, त्या फलकाखालून रोज जाणाऱ्यांपैकीं कोणास मान खालीं घालावी लागते काय, हें पाहावें. तीन, नवें नांव त्या जागेचें किंवा त्या कामाचें असावें; सत्तेवर असलेल्या पक्षास प्रिय आहे म्हणून दिलेलें नांव सत्तेबरोबर जातें. चार, जुन्या नांवाची नोंद तेथेंच, सर्वांस वाचतां येईल अशी ठेवावी. कलकत्त्याच्या दरवाज्यावर ‘विजय दुर्ग’ असें लिहिलें, तर खालीं लहान अक्षरांत ‘पूर्वींचें नांव फोर्ट विल्यम’, आणि दोन्ही नांवांची हकीकत, असा एक दगड बसवावयास कितीसा खर्च येईल?

या चार गोष्टी आपल्या घराजवळ लावून पाहाव्या, म्हणजे त्यांची परीक्षा होते. समजा, उद्यां कोणीं म्हटलें कीं बिरसीची धांवपट्टी युद्धासाठीं बांधलेली आहे, तेव्हां तिला एखाद्या वीराचें नांव द्यावें. नांव दूर शोधावयास नको. १८१८ सालीं कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनीं कंपनीच्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचललें. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला, कामठ्याची गढी पडली, आणि जमीनदारी त्या घराण्याच्या हातून गेली. माणूस याच मातीचा, काम धैर्याचें. तिसरी अट पुरी होते. परंतु पहिल्याच अटीपाशीं अडतें. ‘बिरसी’ हें नांव कोणीं कोणावर लादलेलें नाहीं, आणि त्याखालून जातांना कोणासहि मान खालीं घालावी लागत नाहीं. तेव्हां तें आहे तसेंच राहूं द्यावें, असें मी म्हणेन. चिमणा पटेलांची हकीकत मात्र कामठ्याच्या शाळेंत प्रत्येक मुलास सांगितली जावी. त्यासाठीं कोणताहि फलक उतरविण्याची गरज नाहीं. सांगणारा मास्तर आणि ऐकणारीं मुलें असलीं कीं पुरे.